आईंचा आपटा

५ फेब्रुवारी, बुधवार

पानगाडी निघाली एकदाची. गाडी कसली — हातठेलाच आहे, भाची चिन्मयीनं त्याला हिरवा रंग मारून दिला. कामाला येणारी शकु ढकलते, मी मागून मिरवत जाते. जबलपूरच्या विजय नगरातली आमची अख्खी गल्ली फाटकात उभी राहून बघून राहिली होती, वरात चालल्यासारखी.

रोज सकाळी लोक पाचोळा जाळायचे. धुरानं बाबा खोकून खोकून बेजार. सासरे माझे, पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना जपावं लागतं लेकरासारखं. जानेवारीच्या मीटिंगमध्ये मी नुसतं म्हटलं, जाळता काहून, गोळा करून खत करा ना. झालं. आमच्या कॉलनीत जो बोलतो त्याच्याच गळ्यात पडतं. सचिव दुबेजी म्हणाले, "बहुत बढ़िया भाभीजी, तो आप ही देख लीजिए।" आता बुधवारी-शनिवारी पानं उचलायची, पार्कच्या मागच्या खड्ड्यांत टाकायची आणि पावसाळ्याच्या तोंडाशी घरोघरी खत वाटायचं.

प्रत्येक घराला एक गोणपाट दिलंय. त्यात फक्त पानं टाकायची. फक्त पानं! तरी पहिल्याच दिवशी एका पोत्यात चप्पल निघाली. एकच. दुसरी कुठे असेल, दिवसभर हाच विचार डोक्यात.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुसरी चप्पल आज आली. त्याच घरातून. विचारायचं फार मनात होतं, पण शकुनं माझा हात दाबला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाचोळ्यावरून घर ओळखायला लागले आहे मी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे बदामाची लालचुटुक पानं, त्याखाली संत्र्याची सालं लपवलेली. बापूसाहेबांकडे अशोकाची पानं — तीही एकावर एक रचून! महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष आहेत, पाचोळासुद्धा शिस्तीत टाकतात. दुबेजींकडे पानं नाहीत. त्यांच्याकडे झाडच नाही. गाड्या आहेत, दोन. एक घरापुढे आणि एक पार्कच्या मागच्या भिंतीला लावलेली. ती जागा कॉलनीची आहे. दोन वर्षं भांडून लोक थकले, आता बोलणार कोण?

सगळ्यात मोठं पोतं आमचं. आईंचा आपटा. झाड आमच्या भिंतीला लागून, थेट पार्कच्या फाटकाशी. फांद्या अर्ध्या आमच्याकडे, अर्ध्या पार्कात. आईंनी लावलेलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, नर्मदाबाई. त्या गेल्या त्यानंतर आम्ही भिलाईची नोकरी सोडून बाबांजवळ इथं आलो. त्यामुळे झाडाशी माझी ओळख तशी उशिराचीच. पण दसऱ्याला इथल्या सगळ्या मराठी घरांत ह्याच झाडाचं सोनं जातं. सदरला राहणारे लोकसुद्धा ऑटो करून न्यायला येतात.

बाबा पोत्याशी येऊन उभे राहिले. काठीनं पोतं जरा ढोसलं.

"सोनं पोत्यात भरून राहिली का तू?"

"खत होईल बाबा. त्याच झाडाला घालू परत."

मग बसले ओट्यावर आणि पहिल्यांदाच नीट सांगितलं. फॅक्टरीत नोकरी लागून वर्ध्याहून इथं आले तेव्हाचं. दसऱ्याला कोणी ना कोणी नागपूरहून जुडी आणायचं, गाडीतून येईस्तोवर सुकून जायची. अशीच वर्षं गेली, मग एका वर्षी कोणीच आलं नाही. आई नवी साडी नेसून तयार होऊन बसल्या. संध्याकाळ झाली, दिवे लागले. रिकाम्या हातानं कोणाकडे जायचं म्हणून गेल्याच नाहीत. रडल्या. पुढच्या पावसाळ्यात कुठून तरी रोप घेऊन आल्या, म्हणाल्या आता कोणाच्या तोंडाकडे बघायला नको.

"कुठून आणलं हो रोप?" मी विचारलं. जबलपुरात आपटा नव्हता म्हणता, मग रोप मिळालं कुठं?

"तिलाच माहीत," म्हणाले आणि काठी टेकत झाडाकडे गेले. रोज जातात. खोडाला हात लावून उभे राहतात, कोणी आलं की पटकन काढून घेतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चिन्मयी राहायला आली. माझ्या नणंदेची मुलगी, बॉटनीच्या एमएससीला. सदरहून रोज कॉलेजला जायला कंटाळते आणि आजोबांजवळ राहायला मिळतं म्हणून खूश असते. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र दर दोन शब्दांनी हिंदीत घसरते.

तिला खड्डे फार आवडले. म्हणाली, "मामी, प्रोजेक्टच करून टाकते ना! एक गड्ढा, एक पेड़. कौन सी पत्ती जल्दी सड़ते ते बघू." प्रत्येक खड्ड्यापुढे झाडाच्या नावाची पाटी लावणार. मला तर कल्पना इतकी आवडली की मी लगेच पाट्यांसाठी पत्रा काढून दिला. सागाचं पान आधी सडेल की आंब्याचं? शेणाचा काला जास्त टाकला तर? मी एवढे प्रश्न विचारले की ती म्हणाली, मामी, तूच घे ना एडमिशन.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुबेजी खड्डे पाहायला आले. कमरेवर हात, मान डोलावणं, वगैरे. म्हणाले, योजना एकदम हिट आहे. पलीकडच्या सगळ्या गल्ल्या मागून राहिल्या आहेत. हातठेल्यानं होणार नाही, ट्रॅक्टरची ट्रॉली लावू. मी अशी फुलले!

मग ते फाटकाशी गेले. पंजानं माप घेतलं. "ट्रॉली इधर से नहीं घुसेगी भाभीजी। पेड़ बीच में है। पेड़ हटाना पड़ेगा।"

माझ्या हातातला झाडू खाली पडला.

बापूसाहेब तिथंच होते म्हणून बरं. त्यांनी ताडकन आठवण करून दिली — समितीचा जुना ठराव आहे. पूजेची झाडं तोडायची नाहीत. पिंपळ, वड, बेल, आवळा आणि मराठी लोकांचा आपटा. आपट्याचं नाव त्यांनीच भांडून घालून घेतलं होतं. "बाकी काहीही तोडा," म्हणाले, "आपट्याला हात लावता येणार नाही."

दुबेजींनी वर फांद्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हाँ... आपटा है तो सोचना पड़ेगा। मीटिंग में रखते हैं।"

मीटिंग होळीनंतरच्या रविवारी. बाबा ओट्यावरून सगळं ऐकत होते. जेवले नाहीत नीट. माझ्याच पानगाडीपायी आईंचं झाड जायची वेळ आली! कोणी सांगितलं होतं मला तोंड उघडायला?

पण ठराव आहे. आपटा आहे म्हणून वाचेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लिहू की नको. लिहितेच, नाहीतर पोट फुटेल.

दुपारी चिन्मयी पाट्या रंगवत होती. साग, आंबा, करंज, बदाम. मी म्हटलं, आपट्याची राहिली. ती म्हणाली, "लिहिली ना." पाहिलं तर पाटीवर "कचनार."

"हे काय?"

"आजोबांचं झाड."

"अगं तो आपटा आहे."

ती हसली. मग माझं तोंड पाहून थांबली. "मामी... तो कचनार आहे. आपटा उसका भाई लगता है, पण वेगळा. आपट्याचं पान छोटं असतं, जाड. आणि फूल बारीक, पांढरट. असं मोठं गुलाबी नाही येत."

"तुला कधीपासून माहीत?"

"फर्स्ट इयरपासून. मला वाटलं सबको पता है."

सबको पता है! मी पाटी उलटी करून ठेवली आणि तिला शपथ घातली. कोणाला सांगायचं नाही. आजोबांना तर अजिबात नाही. गौतमलाही सांगितलं नाही मी — नवरा चांगला आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच मोबाइल घेऊन झाडाखाली गेले. फोटो शोधून शोधून ताडून पाहिले. पान — कचनार. खोड — कचनार. अर्धी पानं गळलीत आणि शेंड्यांना कळ्या धरल्या आहेत, लांबट, हिरव्या. एक फूल उमललंय. गुलाबी, तळहाताएवढं.

आणि मी दरवर्षी हे फूल पाहून म्हणते, वा, आपटा काय फुललाय! नागपूरची मी. जन्मभर दसऱ्याला सोनं लुटलं. पण बाजारातून जुडी यायची, झाड कोणी पाहिलं होतं? आणि बापूसाहेब दर दसऱ्याला ह्या झाडाचं पान हातात धरून आपट्याचे औषधी गुण सांगतात. वीस मिनिटं. सगळे माना डोलावतात!

हसू आलं खूप. मग एकदम लक्षात आलं. कचनार ठरावात नाही. बाकी काहीही तोडा, असं बापूसाहेबच म्हणून बसलेत.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

दर्शनाला कचनार सिटीला गेले. गुडघे दुखेस्तोवर रांग. दर सोमवारी जाते मी ह्या शंकराला, घरापासून दोन पावलांवर. वस्तीचं नावच कचनार, कमानीवर लिहिलेलं, आणि कचनार म्हणजे काय हे मी एकदाही कोणाला विचारलं नाही! एरवी शेजारणीच्या फोडणीत काय पडलं तेसुद्धा विचारते.

आज पुढच्या बाईंना विचारलंच. "दीदी, कचनार मतलब?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पेड़ होता है। आप इधर की नहीं हो क्या?"

शंकराला काय मागितलं ते इथं लिहीत नाही. पण खोटं सांभाळून घे म्हणून देवाला सांगायची ही पहिलीच वेळ.

२ मार्च, रविवार

नवीनच कोडं. झाडाच्या खालच्या फांद्यांवरच्या कळ्या गायब! काल संध्याकाळी होत्या, मी स्वतः पाहिल्या. आज सकाळी देठं उरलीत. एकही फूल तोडलेलं नाही, फक्त कळ्या. पूजेला नेणारा फुलं नेईल. कळ्या कोणाला हव्यात? माकडं असती तर फांदी मोडली असती. हे व्यवस्थित, नखानं खुडलेलं.

बाबांना म्हटलं. ते पेपर वाचत होते, वर पाहिलं नाही. "नेत असेल कोणी," म्हणाले.

कोण नेतं ते मी शोधून काढणारच आहे.

५ मार्च, बुधवार

शकु आज आली नाही. तिच्या घरी गेले. उजवा खांदा सुजलेला, हात वर होत नाही. ह्या महिन्यात पाचोळा दुप्पट झालाय, ठेला भरला की तिला ढकलवत नाही. मी मागून लावते हात, पण माझा हात तो काय.

"बाई, ते ट्रॉली कधी येऊन राहिली?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, झाड मध्ये येतंय गं.

"तुमच्या सासूबाईचं न?" सुजलेला खांदा चोळला. मग म्हणाली, "राहू द्या मंग. बांधीन पट्टा."

तिनं तसं म्हणायला नको होतं. भांडली असती तर बरं वाटलं असतं मला. आता झाडाकडे पाहिलं की शकुचा खांदा दिसतो, आणि शकुकडे पाहिलं की खोडावरचा बाबांचा हात. दोन्हीकडून माझंच मन खातं. मलम देऊन आले. मलमानं काय होतं.

८ मार्च, शनिवार

आज मी आणि गौतमनं मिळून ठेला ढकलला. गौतम तीन घरांनंतर फोनवर बोलत बाजूला झाला.

चिन्मयी रुसली आहे. तिच्या सरांना खड्डे दाखवायचे आहेत आणि एका खड्ड्यापुढे पाटीच नाही. म्हणे खोटी पाटी मी लावणार नाही. मी कुठे म्हटलं खोटी लाव? नुसती लावू नको म्हटलं, मीटिंग होईपर्यंत. "मामी, ये तो साइन्स आहे," म्हणाली. मी म्हटलं, हे घर आहे.

मग तिलाच वाईट वाटलं. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. "आजोबांना कळलं तर?"

तेच तर. झाड वाचलं तरी ते एक राहतंच. चाळीस वर्षं बायकोनं लावलेला आपटा म्हणून ज्याच्या खोडाला हात लावला, तो आपटा नाहीच असं ह्या वयात कोणी त्यांना ऐकवलं तर? आईंना फसवलं कोणीतरी, भलतंच रोप दिलं — असंच वाटेल ना त्यांना. मला नाही बघवणार ते. झाड गेलं तर बाबा मोडतील, आणि नाव गेलं तरी मोडतील.

कळ्या आजही गेल्या. आज मधल्या फांदीवरच्या. म्हणजे माणूस उंच आहे, किंवा स्टूल आणतो.

१४ मार्च, धुळवड

सकाळी गच्चीवरून पाहिलं. दुबेजी, अंगभर रंग, एकटेच झाडाखाली उभे. इकडे तिकडे पाहिलं आणि खोडाला हात लावला. सरकवून पाहिला, वर-खाली. गेल्यावर मी खाली जाऊन पाहिलं, खोडाला गुलालाची बोटं उमटली होती.

निशाणी करून गेला मेला. कुठून कापायचं त्याची!

पुसायला गेले, तर बाबा मागून म्हणाले, "राहू दे. सणाचा रंग आहे."

१५ मार्च, शनिवार

ठरवलं. उद्या कोणी सरळ विचारलं, तर मी सरळ खोटं बोलणार. आपटा म्हणणार. चिन्मयीला म्हटलं तू येऊच नको. पण बापूसाहेबांनी तिला खास बोलावलंय, "आपल्या समाजाची शास्त्रज्ञ मुलगी" म्हणून. आता ह्या माणसाला काय म्हणावं!

१६ मार्च, रविवार

मीटिंग झाली. सगळं लिहिते.

पार्कातच सतरंज्या घातल्या होत्या, झाडाच्या सावलीत. बाबा आले. ह्या मीटिंगांना ते कधी येत नाहीत. पहिल्या रांगेत खुर्ची, काठी दोन गुडघ्यांमध्ये. शकु मागे भिंतीशी उभी, खांद्याला पट्टा बांधलेला. वर झाड गच्च फुललं होतं, पानं जवळजवळ नाहीतच, नुसती गुलाबी फुलं. दोन-चार आमच्या डोक्यावर पडली. मला वाटलं, अगं बाई, आजच्या दिवस तरी गप्प राहा.

दुबेजींनी ट्रॉलीचा विषय काढला. पलीकडच्या गल्लीचे लोक म्हणाले, एका झाडासाठी सगळ्यांची सोय अडवायची का? चूक नव्हतं त्यांचं. एकानं शकुकडे बोट दाखवलं — ह्या बाईचा खांदा बघा. मला मान वर करवेना.

मग बापूसाहेब उठले. ठराव वाचून दाखवला. आपट्याची महती सुरू केली. सोनं, शमी, पांडव, कफ, पित्त. ऐकता ऐकता लोक चुळबुळायला लागले, तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ म्हणाले, "लेकिन ये आपटा ही है, ये कौन बोलता है?"

बापूसाहेबांचा चेहरा उजळला! "कोण बोलतं? शास्त्र बोलतं! चिन्मयी, ऊठ बेटा. सांग सगळ्यांना, शास्त्रीय नाव काय ह्या झाडाचं?"

चिन्मयी उठली. कानापर्यंत लाल. माझ्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एवढं ठरवून आलेली मी, जन्मभर नको तिथं बोलणारी! बाबा वळलेसुद्धा नाहीत. काठीच्या मुठीवर दोन्ही हात, मान खाली.

"ते झाड..." चिन्मयी म्हणाली, "ते आजीचं आहे." एवढंच बोलून खाली बसली.

आणि दुबेजी खेकसले. "अरे बापूसाहेब, लड़की को काहे परेशान करते हो! चालीस साल से आपटा है, तो आपटा है। लिखो भाई, आपटा। नहीं कटेगा। आगे बढ़ो।"

पलीकडचे लोक चिडले, मग ट्रॉली कुठून आणणार? दुबेजींनी रुमालानं मान पुसली. म्हणाले, मागची भिंत तोडा. मेरी गाड़ी खड़ी रहती है उधर, हटा लूँगा. तिथून ट्रॉली सरळ खड्ड्यांपर्यंत जाईल.

गाडी हटवणार, तेही आपणहून! त्या जागेसाठी हा माणूस दोन वर्षं अख्ख्या कॉलनीशी भांडलाय.

बाबांनी तेवढं मान वर करून दुबेजींकडे पाहिलं. दुबेजी आपल्या चपलांकडे बघत होते.

घरी येऊन मी देवापुढे साखर ठेवली. काय लागलं डोक्याला दुबेजींच्या, काही समजेना. त्यांना खरंच आपटा वाटतो वाटतं. बरंच आहे. देवानं ऐकलं म्हणायचं.

१९ मार्च, बुधवार

भिंत फोडली. ट्रॉली आली. शकु ड्रायव्हरशेजारी बसून आली, राणीसारखी! आता ती फक्त पोत्यांतलं प्लास्टिक वेचते आणि लोकांना दमात घेते. ते तिला फार छान जमतं.

चिन्मयीनं त्या खड्ड्यापुढे पाटी लावली. "आजीचं झाड." सरांना काय सांगायचं ते सांगीन म्हणाली. सगळ्यात आधी तोच पाचोळा काळा पडून राहिलाय.

दुबेजींची दुसरी गाडी आता उन्हात उभी असते.

२२ मार्च, शनिवार

कळ्या चोरणारा अजून सापडला नाही. आज पहाटे उठून खिडकीत बसणार होते. झोप लागली.

२३ मार्च, रविवार

दुबेभाभी आल्या होत्या, हातात गरम स्टीलचा डबा. "आपके आपटे की कली है भाभीजी। इस बार ज़्यादा तोड़ ली, बुरा मत मानना।" आणि पदर तोंडाला लावून हसत हसत गेल्या.

उघडून पाहिला. कळ्यांची भाजी, दह्यातली. वरून धने.

जेवताना चमचा हातात धरून उभी राहिले. बाबांना वाढू की लपवू? बाबांनीच ताट पुढे केलं. एक घास खाल्ला, सावकाश चावला.

"जरा कडू राहिली," म्हणाले. "नर्मदा दोनदा उकळून पाणी टाकायची. दुबेच्या आईनं रोप दिलं तेव्हाच सांगितलं होतं तिला."

मी आणखी एक पोळी वाढली.